जर्मनीतून निसटलेल्या ज्यू कुटुंबाचं दप्तर कसं वाचावं

न्यूयॉर्कच्या लिओ बेक इन्स्टिट्यूटने आपल्या संग्रहाचा मोठा भाग स्कॅन करून इंटरनेटवर मोफत ठेवला आहे. १९५५ मध्ये स्थापन झालेली ही संस्था जर्मन भाषक ज्यूंचा इतिहास जपते. तिच्याकडे ‘अमुक कुटुंब संग्रह’ अशा नावाची हजारो दप्तरं आहेत. डोंबिवलीत बसून फोनवरही ती उघडता येतात. खरी अडचण उघडल्यावर सुरू होते. पहिलं पान शाळेचा दाखला, दुसरं करखात्याची पावती, तिसरं कुणाच्या तरी मावशीचं पत्र, तेही न लागणाऱ्या अक्षरात. अर्ध्या तासात माणूस कंटाळून फोटो बघायला लागतो.

इतिहासाचे विद्यार्थी, नाझी काळावर लिहू पाहणारे, मुंबईत आलेल्या निर्वासितांचा माग काढणारे आणि घरी असं एखादं खोकं आलेले, अशा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. सुरुवातीला जर्मन येत नसलं तरी चालतं. पन्नासेक शब्द ओळखीचे झाले की बरंच अंतर कापता येतं.

एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा. हे दप्तर कुणी हौसेने जमवलेलं नाही. यातला बहुतेक कागद कुठल्या ना कुठल्या खिडकीवर मागितला गेला म्हणून तयार झाला आणि पुन्हा मागतील या धास्तीने जपला गेला. म्हणून प्रत्येक पानाला तीन प्रश्न विचारायचे: कोणत्या खिडकीने मागितला, कधी, आणि पुढे तो कुणाला दाखवावा लागला?

क्रम मोडू नका

घरातलं खोकं असेल तर ते तारखेनुसार लावायचा मोह होतो. तो आवरा. पाकिटात जे एकत्र होतं ते एकत्रच राहू द्या. पासपोर्टाच्या आत घडी घालून ठेवलेली चिठ्ठी तिथेच का होती, हे नंतर कळतं. आधी आहे तसे फोटो काढा, पाकिटाची पाठ आणि कोरी पानंसुद्धा. शिक्के आणि शेरे बहुधा मागच्याच बाजूला असतात.

हात स्वच्छ धुवून कोरडे करा. कागदासाठी हातमोजे नकोत, बोटांना अंदाज येत नाही आणि कडा फाटतात. फोटोंच्या छापांना मात्र मोजे घाला. नोंद पेन्सिलीने करा. सेलोटेप, लॅमिनेशन आणि स्टेपल यांपैकी काहीही नको. गंजलेल्या टाचण्या हळूच काढा. आपल्याकडच्या पावसाळ्यात कार्बन कॉपीचे पातळ कागद एकमेकांना चिकटतात, कसर लागते. त्यामुळे आम्लविरहित फोल्डर आणि जमिनीपासून उंच, हवेशीर जागा हवी. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकणं सगळ्यात वाईट.

ऑनलाइन संग्रह पाहत असाल तर हे सगळं सोडा आणि आधी संग्रहाची सूची वाचा. लिओ बेकच्या सूचीत कुटुंबाची थोडक्यात हकिकत, खोक्यांची यादी आणि ‘एआर’ने सुरू होणारा क्रमांक असतो. तो क्रमांक लगेच टिपून ठेवा. एकाच आडनावाचे अनेक संग्रह असतात आणि चार दिवसांनी कोणतं पान कुठलं हे आठवत नाही.

शेवटाकडून सुरुवात करा

हे थोडं विचित्र वाटेल, पण नवख्या माणसाने सर्वांत आधी १९५० नंतरचे कागद शोधावेत. पश्चिम जर्मनीत १९५३ मध्ये नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि १९५६ मध्ये तो सुधारून पुन्हा आला. त्याखाली अर्ज करताना छळ झालेल्या माणसाला आपली हकिकत क्रमवार लिहून द्यावी लागे: जन्म, शिक्षण, धंदा, नोकरी कधी गेली, अटक झाली का, देश कधी सोडला, परदेशात काय काम केलं. नुकसानीचे रकानेही ठरलेले होते: जीव, आरोग्य, स्वातंत्र्य, मालमत्ता आणि व्यवसायातली प्रगती. म्हणजे अख्ख्या दप्तराचा सांगाडा दोन-तीन टाइप केलेल्या पानांत मिळतो, तोही वाचता येईल अशा अक्षरात.

अर्थात ही हकिकत एका कार्यालयाला पटवण्यासाठी लिहिलेली असते. मालमत्तेचे आकडे, तारखा आणि आजाराचं वर्णन वकिलाच्या हातून गेलेलं असतं. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या युनायटेड रेस्टिट्यूशन ऑर्गनायझेशनचे वकील अशी असंख्य प्रकरणं चालवत. त्यामुळे सांगाडा इथून घ्या, पण प्रत्येक तारीख मूळ कागदाशी ताडून पाहा. दोन्ही जुळत नसतील तर मूळ कागदावर भरवसा ठेवा आणि फरकही टिपून ठेवा.

कायद्यांच्या तारखा एका कागदावर

आता एक कोरा कागद घ्या. डावीकडे कायद्यांच्या तारखा, उजवीकडे या कुटुंबाच्या. हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका. निम्मे कागद यातूनच उलगडतात.

७ एप्रिल १९३३: ज्यूंना सरकारी नोकरीतून काढण्याचा कायदा. २६ एप्रिल १९३८: पाच हजार मार्कांवरच्या सगळ्या मालमत्तेची नोंद सक्तीची. ३० सप्टेंबर १९३८: ज्यू डॉक्टरांचे परवाने संपले. ५ ऑक्टोबर १९३८: ज्यूंचे पासपोर्ट रद्द, लाल ‘जे’ (‘यूडे’ म्हणजे ज्यू, याचं आद्याक्षर) मारून घेतल्याशिवाय वैध नाहीत. ९-१० नोव्हेंबर १९३८: सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, जाळले गेले, दुकानं फोडली गेली आणि हजारो पुरुषांना दाखाउ, बुखेनवाल्ड, साक्सेनहाउझेन इथल्या छळछावण्यांत डांबलं. १ जानेवारी १९३९: ज्यू पुरुषाच्या नावापुढे ‘इस्राएल’ आणि बाईच्या नावापुढे ‘सारा’ लावणं बंधनकारक. २३ ऑक्टोबर १९४१: देश सोडायलाच बंदी. २५ नोव्हेंबर १९४१: परदेशी असलेल्या जर्मन ज्यूंचं नागरिकत्व गेलं, मालमत्ता सरकारजमा.

व्हिएन्नाचं कुटुंब असेल तर सगळं मार्च १९३८ पासून, म्हणजे जर्मनीने ऑस्ट्रिया गिळल्यापासून धरा. जर्मनीत पाच वर्षांत जे झालं ते तिथे काही महिन्यांत उरकलं. व्हिएन्नाच्या ज्यू समाजसंस्थेने १९३८ पासून भरून घेतलेल्या स्थलांतराच्या प्रश्नावल्या फार मोलाच्या आहेत. धंदा, येणाऱ्या भाषा, परदेशातले नातेवाईक, कुठे जायची इच्छा, सगळं एका अर्जात.

आता ‘सारा’चं बघा. एखाद्या बाईच्या कागदांवर १९३८ पर्यंत एकच नाव आणि १९३९ पासून अचानक दोन दिसली तर ती दुसरी व्यक्ती समजू नका. कागदावर तारीख नसेल तर याच नावावरून तो १९३९ च्या आधीचा की नंतरचा, हे बऱ्याचदा ठरवता येतं. जन्मदाखल्याच्या समासातही हे नाव चढवल्याची नोंद सापडते आणि तिच्याखाली युद्धानंतर ती रद्द केल्याची दुसरी.

निघण्यासाठी लागलेले कागद

दप्तराचा सगळ्यात जाडजूड भाग हाच, आणि सगळ्यात रुक्ष म्हणून लोक तो ओलांडून पुढे जातात. मला मात्र हाच भाग सगळ्यात बोलका वाटतो.

छळणाऱ्या सरकारला हे लोक जायला हवे होते, पण रिकाम्या हाताने. त्यासाठी एक जुनाच कर हाताशी होता. ‘राइखफ्लुख्टश्टॉयर’, म्हणजे देश सोडण्यावरचा कर. तो नाझींनी काढलेला नाही. डिसेंबर १९३१ मध्ये, श्रीमंतांनी पैसा बाहेर नेऊ नये म्हणून आधीच्या सरकारने तो लावला होता. दर मालमत्तेच्या २५ टक्के. १९३४ मध्ये दोन लाख मार्कांची मर्यादा पन्नास हजारांवर आणली गेली आणि मध्यमवर्गीय घरं त्यात सापडली. १९३८ च्या नोव्हेंबरनंतर ज्यूंवर सामूहिक एक अब्ज मार्कांचा दंड बसला. त्याच्या पावत्या हप्त्यांच्या असतात: डिसेंबर १९३८, मग १९३९ चे फेब्रुवारी, मे, ऑगस्ट. आधी २० टक्के म्हणून चार हप्ते आणि नंतर वाढवलेला पाचवा. आपलीच दुकानं फोडल्याचा दंड आपणच हप्त्याने भरल्याच्या या पावत्या.

एवढं भरल्यावर करखातं एक दाखला देई. त्याचं नाव ‘उनबेडेंक्लिखकाइट्सबेशाइनिगुंग’. उच्चारायच्या भानगडीत पडू नका, कागदावर मोठ्या अक्षरात दिसलं की ‘येणे बाकी नाही’ एवढं समजा. याची मुदत थोडी असे. व्हिसा लांबला की हा दाखला शिळा व्हायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. म्हणून एकाच घरात असे दोन-तीन दाखले सापडतात. ते एकाखाली एक ठेवून तारखा बघा: किती वेळा बेत आखला गेला आणि मोडला, ते दिसेल.

मग सामानाची यादी. परकीय चलन कार्यालयासाठी घरातली प्रत्येक वस्तू लिहून द्यावी लागे, आणि ती तीन भागांत: १९३३ च्या आधी घेतलेली, १९३३ नंतर घेतलेली आणि खास स्थलांतरासाठी विकत घेतलेली. तिसऱ्या भागावर वेगळा भरणा करावा लागे. ही यादी घाईने वाचू नका. चमचे किती, रुमाल किती, मुलाचे बूट किती, शिवणयंत्र कोणतं, पुस्तकं किती, सगळं आहे. कार्यालयाने खोडलेल्या ओळी विशेष बघा. सोनं-चांदी आणि जडजवाहीर फेब्रुवारी १९३९ च्या हुकुमाने सरकारी गहाणखान्यात जमा करावं लागलं. उरलेलं सामान मोठ्या लाकडी पेट्यांत, ज्यांना ते ‘लिफ्ट’ म्हणत, हॅम्बर्ग किंवा ब्रेमेनच्या बंदरात जाई. युद्ध सुरू झालं आणि कित्येक पेट्या तिथेच अडकल्या. गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्यांचे लिलाव केले. ब्रेमरहाफेनच्या जर्मन सागरी संग्रहालयाची ‘लॉस्टलिफ्ट’ ही ऑनलाइन सूची याच पेट्यांचा माग घेते. यादी हातात असेल तर तिथे आडनाव घालून बघाच.

रोख बाहेर नेता येई फक्त दहा मार्क. बाकी रक्कम गोठवलेल्या खात्यात. ती परदेशी चलनात बदलायची तर १९३९ च्या सप्टेंबरात ९६ टक्के कापले जात.

बाहेर पडायचा हा रस्ता झाला, आत घेणारी खिडकीही तितकीच चिकट. अमेरिकेचा जर्मनी-ऑस्ट्रियासाठीचा वार्षिक कोटा २७,३७० होता. वकिलातीच्या पत्रावर रांगेचा क्रमांक असतो, आणि तिथे राहणाऱ्या कुणाचं तरी ‘याचा खर्च मी चालवीन’ असं प्रतिज्ञापत्र लागे. पॅलेस्टाइनला भांडवलवाल्यांच्या गटातून जायला एक हजार पौंड दाखवावे लागत. शांघायला व्हिसाशिवाय उतरता येई. दप्तरात तीन-चार देशांच्या वकिलातींचे नकार असतील तर ते फेकाऊ समजू नका. कुटुंब कुठे पोचलं हे सगळ्यांना ठाऊक असतं, कुठे जायचं होतं हे या नकारांतच कळतं.

अक्षर

आजी-आजोबांच्या पिढीचं हस्ताक्षर ‘कुरेंट’ वळणाचं असतं. प्रशियाच्या शाळांत १९१५ पासून शिकवलेलं ‘झ्यूटरलिन’ हे त्याचंच सोपं रूप. १९४१ मध्ये शाळांतून ते बंद झालं. मोडी ओळखणाऱ्याला ही जात लगेच कळेल: हात न उचलता लिहिलेलं, काही अक्षरं एकमेकांसारखी, आणि वळण समजलं की पटापट उलगडणारं. ‘ई’ हे अक्षर ‘एन’सारखं दिसतं, ‘यू’च्या डोक्यावर छोटी आकडी असते, ‘एस’ उभा लांबलचक.

सुरुवात पत्राच्या मजकुरापासून करू नका. आधी तारीख, गाव, मायना आणि सही. हे शब्द काय असणार हे आपल्याला माहीत असतं, त्यावरून त्या माणसाची अक्षरं शिकता येतात. शिवाय परकी नावं आणि गावं बरेच लोक मध्येच रोमन वळणात लिहीत. ‘बॉम्बे’ त्या जंगलातही उठून दिसतं. ‘ट्रान्सक्रिबस’ हे हस्ताक्षर वाचणारं सॉफ्टवेअर कुरेंटसाठी चांगलं चालतं, पण नावं आणि आकडे त्याने वाचले म्हणून खरे मानू नका.

गावांची नावं बदलली आहेत, तेव्हा एक छोटी जोडयादी जवळ ठेवा: ब्रेस्लाउ म्हणजे आजचं व्रोत्स्वाफ, डान्त्सिग म्हणजे ग्दान्स्क, क्योनिग्सबर्ग म्हणजे कालिनिनग्राद, लेम्बर्ग म्हणजे ल्विव्ह. बाईच्या नावानंतर ‘गेब.’ आलं की पुढचं तिचं माहेरचं आडनाव.

पत्रं वाचताना

पत्रं सेन्सॉर होत, आणि लिहिणाऱ्याला ते ठाऊक असे. म्हणून हवापाणी, तब्येत, शेजारीण अशीच पत्रं भरलेली असतात. तिथे कंटाळू नका. पत्ता बदलला आहे का बघा. १९३९ च्या एप्रिलनंतर ज्यूंना भाडेकरू म्हणून असलेलं संरक्षण गेलं आणि कुटुंबांना एकेका घरात कोंबलं गेलं. स्वतःचा फ्लॅट सुटून ‘अमक्याकडे’ असा पत्ता आला की काय झालं ते समजावं. १९४१ नंतर कुणी ‘प्रवासाला गेलं’ असं लिहिलं असेल तर तो प्रवास कसला, हे तारखेवरून ताडावं.

युद्ध सुरू झाल्यावर जर्मनी आणि ब्रिटिश अमलाखालच्या मुलखात थेट टपाल बंद झालं. मग तटस्थ देशातल्या नातेवाइकांमार्फत, नाहीतर रेड क्रॉसच्या फॉर्मवर. त्यावर फक्त २५ शब्द, उत्तर मागच्या बाजूला. जायला-यायला महिने लागत. पुढे-मागे दोन्ही बाजूंच्या तारखा आणि शिक्के नीट उतरवून घ्या. उत्तर लिहिलं गेलं ती तारीख कधीकधी त्या माणसाच्या हयातीचा शेवटचा पुरावा असते.

मागे राहिलेल्यांचा शोध

इथे क्रम पाळा, म्हणजे वेळ वाचतो. आधी जर्मन संघीय अभिलेखागाराचं ऑनलाइन स्मृतिपुस्तक, त्यात हद्दपारीची तारीख आणि ठिकाण मिळतं. मग याद वाशेम या जेरुसलेमच्या स्मारकसंस्थेची नावांची सूची. तिच्यातली साक्षपत्रं नातेवाइकांनी भरलेली असतात, त्यामुळे भरणाऱ्याचं नावही बघा, बचावलेली दुसरी शाखा तिथे सापडते. मग बाड आरोल्झेनचं आरोल्झेन आर्काइव्ह्ज, जवळपास पावणेदोन कोटी माणसांबद्दलची कागदपत्रं. बर्लिनचं कुटुंब असेल तर पोट्सडॅमच्या ब्रांडेनबुर्ग राज्य अभिलेखागारात वित्त कार्यालयाच्या फायली आहेत. हद्दपारीआधी भरून घेतलेला सोळा पानी मालमत्तेचा अर्ज त्यांत असतो. घरातली शेवटची खुर्ची आणि बिछाना मोजून लिहिलेला. तो एका बैठकीत वाचू नये असं माझं मत.

धागा मुंबईला येत असेल तर

जेनोआ-त्रिएस्तेहून सुटणाऱ्या लॉइड ट्रिएस्तिनोच्या बोटी मुंबईमार्गे शांघायला जात. काही जण इथे उतरले. मुंबईत १९३४ पासून ज्यूइश रिलीफ असोसिएशन काम करत होती. आकाशवाणीच्या संकेतधूनचं श्रेय ज्यांना दिलं जातं ते वॉल्टर काउफमान १९३४ मध्येच आले आणि १९४६ मध्ये गेले. पुढे ते ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठात होते. चित्रकलेच्या बाजूने रुडॉल्फ फॉन लायडन आणि इमॅन्युएल श्लेसिंगर ही नावं प्रोग्रेसिव्ह चित्रकारांच्या हकिकतीत येतातच.

१९३९ चा परदेशी नागरिकांच्या नोंदणीचा कायदा आणि ३ सप्टेंबर १९३९ नंतरची धरपकड या दोन गोष्टी इथल्या कागदांच्या चाव्या आहेत. हिटलरपासून पळून आलेला माणूस जर्मन पासपोर्टामुळे शत्रू ठरला आणि तेव्हाच्या अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या छावणीत गेला. पुढे देवळाली, डेहराडून, तर काहींची पुरंदर आणि साताऱ्याला रवानगी. तेव्हा पत्रावर ‘पुरंदर’ दिसलं तर सहलीचा गैरसमज नको.

शोधायचं कुठे? मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं महाराष्ट्र राज्य अभिलेखागार, त्यातही गृहखात्याच्या ‘स्पेशल’ शाखेच्या फायली. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातलं बरंच साहित्य ‘अभिलेख पटल’वर घरबसल्या दिसतं. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे कागद आहेत. आडनावाची स्पेलिंगं तीन-चार प्रकारे घालून बघा, इथल्या कारकुनांनी जर्मन नावांचे हाल केले आहेत.

दोन गफलती हमखास होतात. कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीतले पोलिश निर्वासित बहुतांशी कॅथलिक होते आणि सोव्हिएत हद्दपारीतून आले होते, त्यांचे कागद वेगळे. आणि आपले कोकणातले बेने इस्राएल इस्राएलला गेले ते छळामुळे नव्हे, त्यांच्या दप्तरात हे वरचे दाखले शोधू नका.

ठेवायचं कुठे, छापायचं काय

खोकं तुमच्या घरी असलं तरी पत्रांतल्या मजकुराचा हक्क ते लिहिणाऱ्याच्या वारसांचा असू शकतो. छापण्याआधी विचारा. आजारपणाचे दाखले भरपाईच्या फायलींत सर्रास असतात, ते नातवंडांच्या परवानगीशिवाय कुठेही टाकू नका. मूळ कागद द्यायचे ठरले तर लिओ बेक, बर्लिनचं ज्यू संग्रहालय, लंडनची वीनर लायब्ररी आणि याद वाशेम असे दान स्वीकारतात. चार ठिकाणी वाटू नका, संग्रह एकत्र राहिला पाहिजे.

जर्मन राज्यघटनेच्या कलम ११६ नुसार नागरिकत्व हिरावलेल्यांच्या वंशजांना ते परत मागता येतं, आणि ऑगस्ट २०२१ पासून त्या कलमात न बसणाऱ्या बऱ्याच जणांनाही वाट मोकळी झाली आहे. त्यासाठी जुना पासपोर्ट, जन्म-विवाहाचे दाखले आणि दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतल्याची तारीख लागते. मुंबईच्या जर्मन वकिलातीत मूळ कागद दाखवून प्रमाणित प्रती करून घ्या, मूळ पोस्टाने पाठवू नका. आणि दान करायच्या आधी हा अर्ज कुटुंबात कुणाला करायचा आहे का, ते विचारून घ्या.